दोन भाद्रपदांमधले देवमासे

मुरबाडच्या आठवडेबाजारात सुका जवळा घ्यायला उभा राहिलो की मला उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्राची आठवण येते. हे मी दोन-तीन जणांना सांगून पाहिलं. एकानं मला उन्हात टोपी घालून फिरत जा असा सल्ला दिला. तेव्हापासून मी गप्प बसतो. आठवण मात्र गप्प बसत नाही, म्हणून दहा वर्षांनी का होईना, हे लिहायला घेतलं आहे. मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. लिहिणं माझं काम नव्हे, तेव्हा रेषा कुठे वाकडी गेली तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी तिकडे गेलो तो एका मेलेल्या देवमाशामुळे. मुंबईला चित्रकला शिकत असताना वसईच्या किनाऱ्याला एक देवमासा लागला होता. तो बघायला स्कॉटलंडचे एक प्रोफेसर आले आणि त्यांना चित्र काढणारा माणूस हवा होता. वासामुळे बाकीचे विद्यार्थी पळाले. मी शेणामातीत वाढलेला, नाकाला पंचा बांधून तीन दिवस बसलो आणि त्याचा जबड्यापासून शेपटीपर्यंतचा आकार कागदावर उतरवला. प्रोफेसर म्हणाले, तुमची रेषा खोटं बोलत नाही. तीन वर्षांनी, छत्तीस साली, त्यांचं पत्र आलं. उन्हाळाभर एक छोटी आगबोट घेऊन ते उत्तरेला जाणार होते, देवमासे कधी येतात, काय खातात, कधी परततात हे टिपायला. माझ्या जाण्यायेण्याची सोय ते करणार होते.

तोवर मी मुरबाडला शाळेत लागलो होतो आणि सगुणेशी माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सगुणा शहापूर तालुक्यातली, डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यातली. तिला तेव्हा दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला पोचवायला गेलो तेव्हा मी भीत भीत सासऱ्यांच्या कानावर ही गोष्ट घातली. सासरे ओट्यावर बसून दावं वळत होते. त्यांच्या चुलतबहिणीचा नवरा बोटीवर खलाशी म्हणून गेला तो परत आलाच नव्हता, आणि ती बाई अजून त्याच घरात दळण दळत होती. त्यांनी हातातलं दावं खाली ठेवलं.

“गौरी येतील त्या दिवशी तुमी माझ्या ओट्यावर पायजेत,” ते म्हणाले. “गौरी जेवून गेल्या आन तुमी नाय आलात, तर पोरगी आन तिचं पोर माझ्या घरीच र्‍हाईल. मंग खुशाल मासे बघत बसा.”

मी कबूल झालो. सगुणा दाराआड होती. निघताना तिनं सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणी माझ्या ट्रंकेत ठेवली आणि वर म्हसा गावच्या जत्रेतली काळी घोंगडी घातली.

मनातल्या मनात हिशेब सोपा होता. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मागच्या वर्षीच्या गौरीतून अकरा दिवस वजा केले की ऑगस्ट संपायच्या आठवडाभर आधी यंदाच्या गौरी. धोंड्याचा महिना दोनच वर्षांपूर्वी होऊन गेला होता, तेव्हा तीही भानगड नव्हती. बोट जुलैअखेर परत फिरणार होती. पाडव्याला आठ दिवस असताना मी घर सोडलं, म्हणून त्या वर्षी देवळातलं पंचांगवाचन काही मला ऐकायला मिळालं नाही. त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही.

ट्रोम्सो

स्कॉटलंडातल्या थंडीबद्दल आणि चहाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एकदम नॉर्वेच्या वरच्या टोकाला, ट्रोम्सोला येतो, कारण आमची बोट तिथूनच खऱ्या अर्थानं निघाली. लाकडी घरं, मागे बर्फाचे डोंगर आणि जिकडेतिकडे वाळत टांगलेले मासे. त्या वासानं मला कल्याणच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं आणि जरा धीर आला. जेवण पाहून मात्र तो सुटला. उकडलेला बटाटा, उकडलेला मासा, वर लोणी. मीठ मागितलं तर मिळे. मिरची म्हणजे काय हे खुणेनं समजावताना मी जीभ बाहेर काढून हात हलवला, तेव्हा खाणावळीतल्या बाईनं मला थंड पाणी आणून दिलं.

बोटीवर आम्ही अकरा माणसं. त्यातला मला जवळचा झाला तो ओलाफ. साठीचा, तोडकं इंग्रजी बोलणारा, तरुणपणी देवमासे मारणाऱ्या बोटीवर भाला फेकणारा. आता तोच टेहळणीला बसून आम्हाला देवमासे दाखवी. त्याला माझी घोंगडी फार आवडली. पाऊस आत जात नाही हे पटेना, म्हणून त्यानं तिच्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. पाणी गेलं नाही, पण घोंगडी चार दिवस वाळली नाही.

बंदरात वडिलांचं पत्र आलेलं होतं. बैल बरे आहेत, पेरणीसाठी राब भाजून झाले, सगुणेची प्रकृती ठीक आहे असा निरोप आला, एवढंच. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. यानंतर दोन महिने पत्र मिळणार नव्हतं.

त्याच दिवशी प्रोफेसरांनी टेबलावर नकाशा पसरून सगळ्यांना कामाची कल्पना दिली. मला जे कळलं ते सांगतो. बहुतेक मोठे देवमासे हिवाळ्यात खाली उबदार समुद्रात असतात. पिल्लं तिथेच होतात. पण त्या पाण्यात त्यांच्याजोगतं खाणं जवळजवळ नसतं. तिकडे मारलेल्या देवमाशांची पोटं रिकामी निघतात. मग वसंतात ते हजारो मैल पोहत उत्तरेला येतात, कारण बर्फ वितळून सूर्य मावळेनासा झाला की इथल्या समुद्रात बारीक जिवांचं पीक येतं. तीन-चार महिने रात्रंदिवस खायचं, अंगावर चरबीचा थर चढवायचा आणि थंडी पडू लागली की पुन्हा खाली जायचं. उरलेलं वर्ष त्या चरबीवर.

मला डोळखांबकडची माणसं आठवली. भात झोडून झालं की पाडेच्या पाडे भिवंडी-कल्याणकडे मजुरीला उतरतात आणि पेरणीच्या आधी परततात. जिथे पोट भरतं तिथे घर नाही, आणि घर आहे तिथे सगळं वर्ष भागत नाही. मी हे प्रोफेसरांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, पण पुढे छापलेल्या पुस्तकात काही घातलं नाही.

बर्फाची कड

ट्रोम्सो सोडल्यावर पाचव्या दिवशी बर्फ दिसला. आधी आकाशाच्या कडेला एक पांढुरकी चमक, मग पाण्यावर सुटे तुकडे, आणि मग समुद्रच संपला. बर्फाची कड म्हणजे सरळ रेघ नव्हे. ती आत-बाहेर वळत जाते, पावसाळ्यातल्या खाचराच्या बांधासारखी. त्या कडेनं आम्ही सबंध जून फिरलो.

सूर्य मावळत नसे. जेवायची घंटा झाली की जेवायचं, झोपायची झाली की घोंगडी डोळ्यांवर ओढायची. पण मला खरं चुकल्यासारखं झालं ते चंद्राचं. उन्हाळ्यात तिथे पौर्णिमेचा चंद्र क्षितिजाच्या वर येतच नाही. चंद्राची कोर कधी असलीच तर त्या उजेडात आणि धुक्यात दिसत नाही. वटपौर्णिमा, आषाढी, सगळं मी बोटांवर मोजत होतो. आभाळाची साक्ष नव्हती, तेव्हा मोजताना चूक झाली तर कळणार कसं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी फक्त गौरींपर्यंतचे दिवस खाली उतरवत होतो आणि प्रत्येक दिवसाला सगुणेची आठवण काढून पुढे जात होतो.

पहिला देवमासा दिसण्याआधी ऐकू आला. धुक्यात कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा टाकला, असं वाटलं. मग वास आला, कुजक्या मासळीचा. ओलाफनं बोट दाखवलं तिथे एक काळी पाठ वर आली, बराच वेळ येतच राहिली, आणि शेवटी एक लहानसा पंख दाखवून खाली गेली. मला हुंदका आला, का ते सांगता येत नाही. मी तीन दिवस मेलेल्या देवमाशाजवळ बसलो होतो. जिवंत असा असतो हे मला माहीत नव्हतं.

माझं काम पाठीची रेषा काढायचं होतं. जूनमध्ये येणारा देवमासा दमलेला आणि वाळलेला असतो. श्वासाच्या भोकाच्या मागे त्याची पाठ खोलगट होते, मान असती तर मानेशी म्हटलं असतं. जुलै संपेपर्यंत ती जागा भरून वर येते. त्यातही सगळ्यांत वाळलेल्या असतात त्या पिल्लं घेऊन आलेल्या माद्या. त्यांनी हिवाळाभर काही खाल्लेलं नसतं आणि तरी त्या अंगावरच्या चरबीचं दूध करून पिल्लाला वाढवतात. पिल्लू गोल गरगरीत आणि आई हाडांवर आलेली. प्रोफेसरांना हे मापात हवं होतं. म्हणून मी एकच मासा दोनदा काढणार होतो, जूनमधला आणि परत फिरण्याआधीचा, एकाखाली एक.

खाण्याची गोष्ट मला सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत चांगली कळली, आणि ती माझ्या आगाऊपणामुळे. देवमासे जिथे तोंड उघडून फिरत तिथलं पाणी तांबूस दिसे. प्रोफेसरांनी बारीक जाळं ओढून त्यातलं बादलीभर वर काढलं. मी वाकून पाहिलं तर काय, डोळ्यांचे काळे ठिपके असलेला बारीक, पारदर्शक, गुलाबी जवळा. अगदी आपला नव्हे, त्याचा थंड मुलखातला भाऊबंद. एवढा डोंगराएवढा प्राणी सात समुद्र ओलांडून येतो तो जवळा खायला, हे कळल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्याला दात नसतात. वरच्या जबड्यातून शिंगासारख्या पट्ट्यांची झालर लोंबते. तो तोंडभर पाणी घेतो, जीभ वर दाबून ते बाहेर ढकलतो आणि झालरीत अडकलेला जवळा गिळतो. आमच्याकडच्या बाया ओढ्यात लुगड्याचं टोक धरून बारीक मासळी गाळतात, तीच तऱ्हा.

बादली सावलीत ठेवून सगळे चहाला गेले. मी तीन महिने तिखटाचा घास खाल्ला नव्हता. त्यातली दोन मूठ मी भटारखान्यात नेली, लोण्यावर कांदा परतला, सगुणेच्या, तोवर जपून न उघडलेल्या बरणीतली चटणी घातली आणि भात टाकला. वास सुटला तसा ओलाफ आला, खोकला, आणि ताटली घेऊन बसला. पाठोपाठ प्रोफेसर आले. ते बादलीतले जीव मोजणार होते. त्यांनी बादलीत पाहिलं, मग तव्यात पाहिलं. पंधरा वर्षांत मी पुष्कळ मदतनीस पाहिले पण नमुने फोडणीला घालणारा पहिलाच, असं ते शांतपणे म्हणाले. मी मान खाली घातली. मग त्यांनी चमचा मागितला. दोन घासांनंतर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी ताटली त्यांनी पुसून खाल्ली.

एक गोष्ट मात्र पाहिल्यावाचून राहिली. बर्फातला मोठ्या डोक्याचा देवमासा, जो दक्षिणेला कधी जातच नाही, बर्फ मागे सरला की त्याच्याबरोबर वर सरतो आणि पुढे आला की खाली येतो, तो आम्हाला एकही दिसला नाही. दोन-तीनशे वर्षं माणसांनी त्याला मारून संपवला होता. एका खाडीत उतरलो तेव्हा किनाऱ्यावर त्याची हाडं पडली होती. त्या उजाड मुलखात फक्त त्या हाडांभोवती हिरवंगार शेवाळ होतं. ओलाफ एका मणक्यावर बसला आणि म्हणाला की त्याच्या आजोबांनी यातला शेवटचा पाहिला होता, त्यानं स्वतः नाही. पलीकडे हिमनदीच्या तोंडाशी पांढरे देवमासे मासळीमागे शिरले होते आणि पाखरांसारखे चिवचिवत होते. ओलाफनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अस्वल बेट

जुलै संपता संपता आम्ही खाली अस्वल बेटापाशी आलो. ठरल्याप्रमाणे आता परतायचं होतं. पण प्रोफेसरांना हवी असलेली दुसरी रेषा अजून मिळाली नव्हती. त्या वर्षी बर्फ उशिरा हटला होता, देवमाशांच्या पाठी अजून भरल्या नव्हत्या. त्यांनी आणखी पंधरा दिवस थांबायचं ठरवलं. माझी अडचण त्यांना माहीत होती. एक कोळशाची बोट दुसऱ्या दिवशी ट्रोम्सोला जाणार होती. तुम्ही तिच्यातून जा, आलेल्या रेषा पुरेशा आहेत, असं ते म्हणाले. मी ट्रंक भरली. त्या बोटीनं गेलो असतो तर माझ्या हिशेबानं गौरींच्या आधी तीन दिवस डोळखांबला पोचलो असतो.

सकाळी कोळशाची बोट जवळ येत असताना ओलाफनं हाक मारली. पाण्यावर बुडबुड्यांचं एक वर्तुळ उठत होतं. एकेक बुडबुडा फुटत फुटत वर्तुळ पुरं झालं, अंगणात कुणी वाकून रांगोळीचे ठिपके टाकावेत तसं. मग त्या वर्तुळाच्या मधून लांब हातांचा, पाठीला उंचवटा असलेला कुबडा देवमासा तोंड वासून सरळ वर आला. बुडबुड्यांच्या भिंतीला भिऊन आत गोळा झालेले मासे त्याच्या तोंडातून चांदीसारखे उडत होते. ती मादी होती. तिचं पिल्लू वर्तुळाच्या बाहेर थांबलं होतं. ती खाली गेली, पुन्हा वर्तुळ घातलं, पुन्हा वर आली. पाठीची खोलगट जागा मला स्पष्ट दिसत होती. ही मी जूनमध्ये काढलेलीच मादी होती. शेपटीवरचा पांढरा डाग मी विसरणार नव्हतो.

कोळशाच्या बोटीचा कप्तान भोंगा वाजवत होता. प्रोफेसर माझ्याकडे बघत होते. मी ट्रंकेवर बसून पेन्सिल काढली आणि म्हणालो, मी थांबतो.

कुणी मला अडवलं नव्हतं. बर्फानं नाही, प्रोफेसरांनी नाही. हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे, कारण घरी कित्येक वर्षं मी ते आडवळणानं सांगत आलो.

ती पंधरा दिवस आमच्याभोवती खात राहिली आणि मी तिला काढत राहिलो. पाठ भरत आली. ऑगस्टची रेषा पुरी झाली त्या दिवशी मी मोजदाद केली. आता कितीही घाई केली तरी गौरी माझ्याशिवाय येऊन जाणार होत्या. माझ्या अंगावरही लोण्यानं चांगला थर चढला होता. पाटलोणीची गुंडी लागत नव्हती. ओलाफ थट्टेनं म्हणाला की मीही आता दक्षिणेला जायला तयार झालो. मला हसता आलं नाही.

परतीचा समुद्र

मार्सेयला मोठ्या बोटीवर चढलो. सुवेझच्या पुढे, तांबड्या समुद्रात, संध्याकाळी डेकवर उभा असताना पूर्वेला पूर्ण चंद्र वर आला. तीन महिन्यांनी बघत होतो. शेजारी एक गुजराती व्यापारी हात जोडून उभे होते. मीही जोडले. मग लक्षात आलं, ही भाद्रपदातली पौर्णिमा. गौरी जेवून गेल्या, विसर्जनही झालं, आता पितृपंधरवडा लागेल. सासऱ्यांनी ओट्यावर किती वेळ वाट पाहिली असेल ते डोळ्यांपुढे आलं. बाळंतपण झालं असेल, काय झालं असेल, सगुणा कशी असेल, हे मी कुणाला विचारणार होतो? पुढचे सगळे दिवस मी रोज केबिनमध्ये पत्र्याच्या नळीतून चित्रं काढायचो, बघायचो आणि परत नळीत घालायचो.

डोळखांब

मुंबईला उतरलो तो सरळ बोरीबंदर गाठलं आणि आसनगावला उतरलो. शहापुरात चहासुद्धा घेतला नाही. पायी निघालो. हळवी भातं निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या, वाऱ्यावर त्यांचा कोवळा, दुधाळ वास येत होता. सहा महिने मी ज्याची आठवण काढत होतो तो हाच वास, पण छाती भरून घ्यायचं धाडस होईना. वाटेत माणसं भेटली. त्यांनी कुठून आलात म्हणून विचारलं. मी कुणालाही गौरींचं विचारलं नाही. डोळखांबच्या अलीकडच्या ओढ्याला पाणी फार होतं. मधोमध पाय घसरून मी ट्रंकेसह बसलो, पण चित्रांची नळी वर धरलेली होती ती धरूनच राहिलो.

दुपार कलताना पाड्यात पोचलो. सासरे ओट्यावर होते. मला बघून उठले नाहीत.

“वेळेत आलात,” ते म्हणाले.

मला वाटलं, टोमणा मारला. मी ओल्या कपड्यांनी तसाच उभा राहिलो आणि आठवलेलं सगळं भाषण विसरलो. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, आणि माझ्यासमोर ताम्हन ठेवलं. त्यात अनारसे होते आणि वर दिवा. मी मोजले. तेहतीस. तेहतीस अनारसे जावयाला कोणत्या महिन्यात देतात ते आपल्याकडच्या पोरालाही ठाऊक असतं. मी तोंड उघडून सासूबाईंकडे बघत राहिलो.

त्यांनी सांगितलं की आज धोंड्याची अवस, शेवटचा दिवस. सकाळपासून तळून ठेवलेत, आज आला नसतात तर वाण राहिलं असतं. गौरी पुढच्या आठवड्यात. त्या वर्षी भाद्रपद दोन होते. माझ्या चंद्राची, माझ्या पौर्णिमेची, माझ्या अकरा दिवसांची सगळी गणितं पहिल्या भाद्रपदातली होती. मी पाटावर बसून रडलो. सासरे तोंड फिरवून दावं वळायला बसले.

मग सगुणा बाहेर आली. कडेवर मुलगी, महिन्याची, गोल गरगरीत, दंडाला वळ्या पडलेली. मी आधी मुलीकडे पाहिलं आणि नंतर तिच्या आईकडे. लुगड्याच्या पदराखाली मानेपासून खांद्यापर्यंतची जागा खोलगट झाली होती. ती रेषा मला ओळखीची होती. जूनभर मी तीच काढली होती.

“धोंड्याचा म्हैनाभर येकदाच जेवली,” सासूबाई म्हणाल्या. “बाळंतीण हायस, उपास धरू नको, सांगून सांगून थकले. पोरीला दूध कमी पडू दिलं नाय, आन सोता अशी झाली.”

आम्ही दोघंच राहिलो तेव्हा मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, पाडव्याला जोशीबुवांनी पंचांग वाचलं तेव्हापासून. मी ते ऐकायला नव्हतो, तेव्हा मी चुकीचं मोजणार हेही तिला तेव्हाच कळलं होतं. मग पत्रात लिहायला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“सांगितलं असतं तर तुमी आनखी म्हैनाभर र्‍हायला असतात,” ती म्हणाली.

माझ्या पाटलोणीची गुंडी उघडी होती आणि समोर ती अशी बसली होती. थोड्या वेळानं तिनं नळीकडे हात केला. मी चित्रं ओट्यावर पसरली. बर्फ तिनं भरभर पाहिला, पांढरे देवमासे पाहिले, माझा तवा काढलेला बघून हसली. शेवटी दोन रेषांच्या कागदापाशी थांबली. वर जूनमधली, खाली ऑगस्टमधली. मी काही समजावायच्या आत तिनं वरच्या मादीच्या खोलगट पाठीवर बोट ठेवलं.

“ही बाळंतीण हाय,” ती म्हणाली. “हिचं पोर कुटं?”

पोर मी काढलंच नव्हतं. प्रोफेसरांना फक्त पाठीची रेषा हवी होती आणि मीही तेवढीच पाहिली होती. मी ट्रंकेतून पेन्सिल काढली आणि सगुणा बघत असताना त्या मादीजवळ तिचं गोल पिल्लू काढलं.

मुरबाड, पुन्हा

प्रोफेसरांना मी स्वच्छ नक्कल करून पाठवली, पिल्लाशिवाय. पुस्तकात तीच छापली आहे. मूळ कागद आमच्या घरात भिंतीवर आहे. मग लढाई आली. ज्या पाण्यात देवमासे जवळा गाळत होते तिथे बोटी बुडू लागल्याच्या बातम्या शाळेत वर्तमानपत्रातून वाचायच्या, आणि ओलाफचं काय झालं असेल असं मनात यायचं. ते मला अजून कळलेलं नाही.

समुद्रात होतो तेव्हा गावाची आठवण थांबायची नाही. आता उलट झालं आहे. ज्येष्ठ लागला, खाचरं नांगरायला आली, की मी वर्गात फळ्यावर कमळ काढता काढता थांबतो. या वेळी ती मायलेकरं बर्फाच्या कडेला पोचली असतील. सगुणेला हे कळतं. लावणीला वाकलेली असताना सरळ होऊन, कमरेवर हात ठेवून ती विचारते, आता कुठवर आली असतील ओ ती? मी सांगतो. ती मान हलवते आणि पुन्हा वाकते.

गेल्या महिन्यात प्रोफेसरांचं पत्र आलं. ते आता फार म्हातारे झालेत. येत्या उन्हाळ्यात एक शेवटची फेरी करणार आहेत, त्या पांढऱ्या डागाच्या मादीचा शोध घ्यायचा आहे, रेषा काढायला याल का, असं त्यांनी विचारलं आहे. मी ते पत्र चार दिवस कपाटात, जुन्या पंचांगात लपवून ठेवलं. आमची मुलगी कुसुम दहा वर्षांची आहे. तिनं ते शोधलं आणि आईला वाचून दाखवलं.

सगुणेनं ते ऐकत भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी बाजारातून आली तेव्हा पिशवीत सुका जवळा होता, नेहमीपेक्षा दुप्पट. तो निवडायला बसता बसता ती म्हणाली की जोशीबुवांकडे जाऊन आले.

“येत्या साली दोन श्रावण हायेत,” ती म्हणाली. “गौरी उशिरा येतील. एक म्हैना जादा मिळंल तुमाला.”

तिनं सूप पाखडलं, बारीक खडा बाजूला टाकला.

“जायचं तर जा,” ती म्हणाली. “ह्या बारीला मी उपास नाय धरायची. आन तिचं पोर काढून आना.”